एका कौलात एकच प्रश्न

माझ्या दुकानात पहिल्यांदा येणारं माणूस बहुतेक वेळा एकच विचारतं, "मेकॅनिक आहेत का?" मी "आहेत" म्हणते. मग ते बाकावर बसून वाट बघतं. पाच-सात मिनिटांनी चुळबुळत पुन्हा विचारतं, "कधीपर्यंत येतील?" तोवर मी त्याच्या संगणकाचे चार स्क्रू काढलेले असतात. सव्वीस वर्षं हे चाललं आहे, आणि खरं सांगायचं तर मला अजून त्याचा कंटाळा आलेला नाही.

दुकान रत्नागिरीत, मारुती मंदिराजवळच्या एका गल्लीत. इलेक्ट्रॉनिक्स शिकले तीही इथेच. सुरुवातीला टीव्ही दुरुस्त केले, मग संगणक आले, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत माझ्याकडे येणारे निम्मे संगणक गेम खेळायचे असतात. गेम म्हणजे पोरखेळ असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा असा संगणक उघडून बघावा. कचेरीतला संगणक दिवसभर बसून असतो, गेमचा संगणक धावत असतो. जो धावतो त्याला धाप लागते, आणि धाप लागली की त्याला माझ्याकडे आणतात.

आतली धूळ बघून मी गाव सांगते. तांबडी, चिकट धूळ असली तर कातळावरचं घर. स्क्रूंच्या डोक्यांवर हिरवट पांढरं काहीतरी चढलेलं असेल तर समुद्र हाकेच्या अंतरावर. एकदा पालीहून आलेल्या संगणकात पाल निघाली, पॉवर सप्लायच्या डब्यात अंडी घालून ऐसपैस राहत होती. मी मालकांना म्हटलं, तुमच्या गावाचं नाव हिच्यावरूनच पडलं असणार. ते हसले नाहीत. पालीचे लोक हा विनोद जन्मापासून ऐकत असतात हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पण धूळ झाडणं हे काही खरं काम नव्हे. खरं काम म्हणजे त्यानंतर येणारा प्रश्न. आठ-दहा वर्षं वापरलेला संगणक टेबलावर उघडा पडलेला असतो आणि माणूस विचारतं, याला नवे भाग घालून चालवायचा, की हा टाकून नवाच घ्यायचा? या प्रश्नाच्या उत्तराला माझी गिऱ्हाइकं 'कौल' म्हणतात. "ताई, कौल काय पडला?" असं फोनवर विचारतात.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. एखादी गोष्ट करावी की नाही हे आमच्याकडे गावदेवीला विचारतात. गुरव देवीच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना फुलांच्या कळ्या नुसत्या पाण्याने चिकटवतो आणि सगळे गप्प उभे राहतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विहीर कुठे खणायची, सोयरीक करायची का, पोराने मुंबईला जावं का, सगळं असं विचारलं जातं. मी देवी नाही आणि माझ्यापुढे कोणी नारळ ठेवत नाही, पण गिऱ्हाइकांचं ऐकून ऐकून मीही संगणकाच्या चिठ्ठीवर 'उजवा' आणि 'डावा' लिहायला लागले. उजवा म्हणजे दुरुस्तीत अर्थ आहे, डावा म्हणजे आता पुरे.

कौल म्हणजे छपरावरचंही कौल, आणि तोही अर्थ मला समजावून सांगताना उपयोगी पडतो. चार कौलं फुटली तर आपण चार बदलतो, घर पाडत नाही. पण खालचे वासे कुजले असतील तर त्यावर नवी कौलं चढवून काय उपयोग? संगणकात डिस्क, ग्राफिक्स कार्ड ही कौलं. ती बदलता येतात. मदरबोर्ड म्हणजे वासे. दहा वर्षांपूर्वीच्या मदरबोर्डवर आजचा प्रोसेसर बसत नाही. प्रोसेसर बदलायचा म्हटलं की बोर्ड बदलावा लागतो, बोर्ड बदलला की जुनी रॅम त्यात जात नाही, आणि बघता बघता जुन्या संगणकातला फक्त पत्र्याचा डबा उरतो. उलट काहीजण नुसतं भारीतलं ग्राफिक्स कार्ड आणून त्यात बसवतात. ते नाकापेक्षा मोती जड. बाकीच्या संगणकाला त्याच्या वेगाने चालता येत नाही आणि जुन्या पॉवर सप्लायला त्याची भूक भागवता येत नाही.

हे सगळं पाठ झालं की माणूस शहाणा होतो आणि चुका करायला लागतो. माझी चूक सावर्ड्याच्या एका गृहस्थांच्या बाबतीत झाली. शाळेत शिक्षक होते, सुट्टीत गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा त्यांना नाद. संगणक चालूच होत नव्हता. दुकानात गर्दी होती, मी वरवर बघितलं, वय विचारलं, आणि न उघडताच सांगून टाकलं, "डावा. नवीन घ्या." त्यांनी माझ्या शब्दावर नवीन घेतला आणि जुना माझ्याकडे भंगार म्हणून ठेवून गेले. दोन महिन्यांनी सुटे भाग काढायला म्हणून तो उघडला. रॅमची पट्टी खाचेत नीट बसली नव्हती आणि तिच्या टोकांवर गंज धरला होता. खोडरबराने टोकं घासली, पट्टी परत दाबली, आणि संगणक चालू झाला. मी लाजेने लाल झाले. त्यांना फोन केला तर म्हणाले, "राहू द्या हो ताई, आता घेतला ना." रागावले असते तर बरं वाटलं असतं. तो संगणक मी विकला नाही. तो अजून दुकानात माझ्या टेबलाखाली चालतो, आणि मी त्याला 'सावर्डेकर' म्हणते. आल्या दिवशी कौल द्यायचा नाही, आधी ब्रश मग बोलणं, हा नियम मी त्याच्यामुळे केला.

दुसरा धडा पोफळी गावच्या काकांनी दिला. वीजघरात कंट्रोल रूममध्ये नोकरी केलेले, निवृत्त झाल्यावर विमान चालवायचा गेम खेळायचे. संगणक आणला तो सोबत वही घेऊन. तीस वर्षं दर तासाला यंत्राचं तापमान वहीत लिहायची सवय, तीच त्यांनी घरच्या संगणकाला लावली होती. किती वाजता चालू केला, किती वाजता पंखा ओरडायला लागला, बाहेर पाऊस होता की ऊन, सगळं ओळीने. मी पान वाचलं आणि डबा उघडायच्या आधीच मला दोष कळला. तेव्हापासून जो संगणक कधी चालतो कधी नाही, त्याच्या मालकाला मी एक कोरा तक्ता देते. लोक कुरकुरतात, पण भरतात.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. नावं बदलली आहेत, आणि ज्यांची ही हकीकत आहे त्या दाजींना विचारूनच लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी होऊन गेल्यावर एक गृहस्थ एसटीने आले. मांडीवर जुन्या धोतरात गुंडाळलेला संगणक, सोबत बावीस वर्षांची मुलगी. पालीपासून आत असलेल्या एका गावचे गुरव, गाव त्यांना दाजी म्हणतं. मुलगी प्राची. बी.एस्सी. झालेली, बोलायला चटपटीत. संगणक तिच्या काकाने, म्हणजे दाजींच्या धाकट्या भावाने घेतलेला. तो बोटीवर असतो. नऊ वर्षांपूर्वी सुट्टीत घरी असताना त्याने घेतला, खेळला, आणि जाताना पुतणीला देऊन गेला.

प्राचीने सांगितलेलं असं: पाचजणींच्या गटाने खेळायचा एक गेम आहे, त्यात ती चांगली आहे. पुण्यातल्या एका संघाने तिला चाचणीला बोलावलं होतं. चाचणी घरूनच द्यायची, तीन आठवड्यांनी शनिवारी, संध्याकाळी पाच ते आठ, सलग. संघाची माणसं तिकडून बघणार. निवड झाली तर वर्षभर पुण्यात राहून खेळायचं. मधेच संगणक बंद पडला तर बाद, पुन्हा संधी नाही. आणि हा संगणक खेळता खेळता धप्पकन बंद पडत होता. रोज नाही, पण आठवड्यातून चार-पाचदा तरी.

"ताई, अपग्रेड करायचा की नवीन घ्यायचा?" तिने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आधी दाजी तिला म्हणाले, "असा विचारू नको. हे दोन प्रश्न झाले. एका कौलात एकच प्रश्न घालायचा. नायतर देवीने कळी पाडली ती कशाची पाडली, कळायचा कसा?"

मला हसू आलं. सव्वीस वर्षं मी कौल देत होते आणि खऱ्या कौलवाल्याने माझी चूक पहिल्या भेटीत काढली. पण बोलणं बरोबर होतं. 'भाग घालू की नवा घेऊ' या प्रश्नात किती प्रश्न असतात ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. कशासाठी, कधीपर्यंत, कोणासाठी, सगळं त्यात कोंबलेलं असतं. आम्ही तिघांनी बसून प्रश्न ठरवला: शनिवारी संध्याकाळी तीन तास हा संगणक बंद न पडता चालेल का? एवढाच. चिठ्ठीवर मी तो तसाच लिहिला.

संगणक साफ केला. तांबड्या मातीने पंखे जाम झाले होते. प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट काढून नवी लावली. मग चार दिवस, दिवसाचे सहा-सात तास, प्राचीचाच गेम त्यावर चालू ठेवला. एकदाही बंद पडला नाही. दुरुस्ती करणाऱ्याला याहून वाईट काही नाही. बिघाड दिसला तर काढता येतो. डॉक्टरकडे गेल्यावर दुखायचं थांबतं तसं हे.

पाचव्या दिवशी दुपारी दाजी एकटेच आले. बाजारात काम होतं म्हणाले. बाकावर बसले, संगणकाकडे बघितलं, मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"ताई, माझा एक काम होता. तुम्ही प्राचीला डावा सांगा. यंत्र गेला, आता काय होण्यासारखा नाय, असा सांगा. तुमच्या तोंडून आला की ती मानेल."

मी विचारलं का. त्यांनी फिरवून फिरवून जे सांगितलं त्याचा अर्थ एवढाच होता की एकुलती मुलगी आहे, पुण्याला गेली की गेली. इथे रत्नागिरीत शाळेत नोकरी मिळेल, एक स्थळही सांगून आलं आहे. स्वतः नको म्हटलं तर ती आयुष्यभर धरून बसेल. यंत्रानेच नको म्हटलं तर कोणावर राग नाही.

मला संताप आला, हे कबूल करते. त्याहून मोठं कबूल करायचं तर ते असं, की डावा सांगणं मला सोपं होतं आणि ते पुरतं खोटंही ठरलं नसतं. संगणक नऊ वर्षांचा. बोर्ड जुना. दोन वर्षांनी तो तसाही निकालात निघणार होता. मी खरी खरी कारणं देऊन खोटा कौल देऊ शकले असते आणि मला कोणी पकडलं नसतं. टेबलाखाली सावर्डेकरचा पंखा घरघरत होता, तो मला ऐकू येत होता.

मी म्हटलं, "दाजी, तुम्ही देवीची कळी कधी हाताने पाडली आहे का?"

ते बाकाच्या कडेला सरकले. मला वाटलं आता उठून जाणार.

"पाडली नाय," ते म्हणाले. "चिकटवली."

मग त्यांनी सांगितलं. भाऊ, सदा, वीस वर्षांचा असताना त्याला बोटीवरच्या नोकरीचं बोलावणं आलं. घरात आई, पडवीत भिंतीला टेकून बसलेले वडील, आणि बाग बघायला हे दोघं भाऊ. सदाने रीतीप्रमाणे देवीला विचारायचं ठरवलं. कौल लावायला दाजीच, कारण वडिलांचे हात थरथरायचे. दाजींनी डावी कळी नुसत्या पाण्याने लावली आणि उजव्या कळीला गंधाचं बोट लावलं. गंध सुकेपर्यंत ती हलणार नव्हती. डावी पडली. सदा राहिला. तीन वर्षं त्याने बागेत काम केलं आणि चौथ्या वर्षी कोणालाच न विचारता गेला. सुट्टीला येतो, सगळ्यांना काही ना काही आणतो, पण देवळाची पायरी चढत नाही.

"एकदाच केला मी असा," दाजी म्हणाले. "आणि हा त्याचाच संगणक."

मला त्यांची कीव आली आणि रागही गेला नव्हता. शेवटी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात एका कौलात एकच प्रश्न. तुमचा प्रश्न संगणकाचा नाहीच. पोरगी गेली तर परत येईल का, हा तुमचा प्रश्न आहे. त्याचा कौल माझ्याकडे नाही." चहा सांगितला होता, तो न घेताच ते गेले. माझ्या मनाला लागून राहिलं. वयाने मोठा माणूस, आपलं वाईट आपण होऊन सांगतो, आणि मी त्याला दुकानदारासारखं उत्तर दिलं.

दोन दिवसांनी प्राची संगणक न्यायला आली. दाजींनी तिला काही सांगितलेलं नव्हतं, मीही सांगितलं नाही. बिघाड सापडलेला नाही हे स्पष्ट सांगितलं, आणि पोफळीच्या काकांचा तक्ता हातात दिला. बंद पडला की तारीख, वेळ आणि त्या वेळी घरात काय चालू होतं ते लिही.

आठवड्याने तिने फोनवर तक्ता वाचून दाखवला. सहा वेळा बंद पडला होता. संध्याकाळी सव्वासहा, साडेसहा, सहा चाळीस, पुन्हा सव्वासहा. दोनदा सकाळी, नऊच्या सुमाराला. 'घरात काय चालू होतं' या रकान्यात सगळीकडे एकच: काही नाही. मी तक्ता कागदावर उतरवून बघत बसले. संगणक तापला म्हणून बंद पडला तर तो घड्याळ बघून पडत नाही. घड्याळ माणसं बघतात. म्हणजे कोणीतरी माणूस रोज त्या वेळेला काहीतरी करत होतं.

शनिवार चार दिवसांवर आला होता. मी दुपारी दुकान बंद केलं आणि स्कूटर घेऊन त्यांच्या गावी गेले. घर उतारावर, वर देऊळ, खाली पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने माडापोफळीची बाग. दाजी बाहेर आले, "या" म्हणाले आणि माझ्या नजरेला नजर न देता देवळाकडे गेले. प्राची खेळायला बसली, कानाला हेडफोन. सहा वाजून गेले. मी तिला हेडफोन काढायला लावलं. ती म्हणाली, मग खेळू कशी? मी म्हटलं, आज खेळू नको, आज ऐक. गेम नुसता चालू ठेव.

सहा वाजून वीस मिनिटांनी खालून, बागेच्या बाजूने बारीक 'ठक्' आवाज आला. खोलीतला दिवा डोळा लवावा तसा लवला. आणि संगणक बंद पडला.

"पंप," प्राची म्हणाली.

बागेला पाणी लावायचा पंप. सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहानंतर, दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत रोज. तो कोणाच्या लक्षात आला नाही, कारण तो रोज होता. मी बॅटरी घेऊन वायर बघत मीटरपर्यंत गेले. मीटरपासून घराकडे एकच बारीक, म्हातारी वायर, आणि वीस वर्षांपूर्वी कोणीतरी पंपाची वायर त्यातूनच पुढे नेलेली. पंप सुरू होताना एक घोट मोठा ओढतो, तेवढ्यात घरातला विजेचा दाब खाली बसतो. नवा संगणक तो क्षण सोसतो. याच्या पॉवर सप्लायच्या अंगात आता तेवढी ताकद उरली नव्हती. आमच्या दुकानात पंप नाही, म्हणून तिथे तो शहाण्यासारखा वागत होता. मी चार दिवस चुकीच्या गावात बिघाड शोधत होते.

माझ्याबरोबर एक चांगला पॉवर सप्लाय आणला होता, तो बसवला. दुसऱ्या दिवशी प्राचीने मुद्दाम पाच वेळा पंप सुरू करायला लावून बघितलं. चार वेळा तगला, पाचव्यांदा पडला, आणि इंटरनेटचा डबा तर पाचही वेळा. पंपाला वेगळी वायर टाकायला वायरमन पुढच्या आठवड्यात येणार होता. या संगणकाला पुरेल असा यूपीएस कोल्हापूरहून मागवावा लागत होता, तोही शनिवारच्या आत येणार नव्हता. उरला एकच इलाज, शनिवारी पाच ते आठ पंप लावायचा नाही. तो इलाज दिसतो तेवढा सोपा नव्हता. पंप चार घरांत मिळून, भावकीतला. पाळीने पाणी. त्या शनिवारी दाजींच्या चुलत भावाची पाळी होती, आणि पाण्याच्या पाळीवरून आमच्याकडे सख्ख्या भावांची तोंडं दहा-दहा वर्षं फिरलेली मी बघितली आहेत.

मी फोनवरून प्राचीला चिठ्ठी लिहून घ्यायला सांगितली. शनिवार: उजवा, पंप बंद असेल तर. पुढची दोन वर्षं: डावा, बोर्ड जुना आहे, त्यावर खर्च करू नये. चुलत भावाशी कोण बोलणार, मी विचारलं. तिने फोन बाजूला धरून कोणाला तरी विचारलं आणि म्हणाली, बाबा म्हणतायत मी बघतो. 'मी बघतो' या उत्तरावर माझा विश्वास बसला नाही. बघायला बसलेला माणूस काय बघेल, हे मला ठाऊक होतं. पंप सुरू करायला कोणालाही सांगावं लागत नाही. चुलत भावाला न सांगणं पुरेसं होतं. कळी हाताने पाडायचीसुद्धा गरज नव्हती.

शनिवारी माझं दुकानात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच कीबोर्ड बांधून दिला. साडेसहाला राहवेना म्हणून त्यांच्या घरी फोन केला. प्राचीच्या आईने उचलला, अगदी हळू आवाजात बोलत होती. प्राची आत खेळते आहे, एकदाही बंद पडलेला नाही.

"दाजी कुठे आहेत?" मी विचारलं.

"खाली पंपाजवळ. साडेचारपासनं बसलेत. फ्यूज काढून खिशात ठेवलेनी. पाळी होती ते भावजी आले होते भांडायला, त्यांनापण बसवून घेतलेनी शेजारी. देवळात दिवा लावायला मला पाठवलेनी."

मी फोन ठेवला आणि दुकानात एकटीच असल्यामुळे थोडी रडले.

प्राचीची निवड झाली. जानेवारीत ती पुण्याला गेली. तिथे संघाने नवा संगणक दिला, त्यामुळे माझ्या दुसऱ्या कौलाची परीक्षा झालीच नाही.

होळी होऊन गेल्यावर दाजी पुन्हा आले, मांडीवर तेच धोतर, त्यात तोच संगणक. या वेळी चहा घेतला. त्यांचा प्रश्न तयार होता आणि एकच होता: प्राची पुण्यात आणि सदा बोटीवर, दोघांची तोंडं एकदम यावर दिसतील आणि बोलता येईल, एवढं काम हा करील का? आल्या दिवशी कौल न देण्याचा माझा नियम आहे. पण व्हिडिओवर बोलायला धावावं लागत नाही. मी डबा न उघडता चिठ्ठीवर 'उजवा' लिहिला आणि बाजारात मिळतो तसला साधा, स्वस्त कॅमेरा तेवढा घ्यायला सांगितला.

निघताना ते दारात थांबले. म्हणाले, सदाला फोनवर सगळं सांगितलं. गंधाचं बोट लावलं होतं तेही.

मी विचारलं, काय म्हणाला?

"म्हणाला, मी बाजूलाच उभा होतो, कळीला गंधाचा वास येत होता. तेव्हाच कळला होता."

"म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"होता," दाजी म्हणाले. संगणक त्यांनी काखेत नीट धरला. "तरी तीन वर्षं राह्यला माझ्यासाठी."